नाव नसलेला सल्लागार

परदेशी स्थलांतरातील फसवणूक म्हटली की बनावट व्हिसा, खोटा शिक्का किंवा पैसे घेऊन कुलूप लागलेले कार्यालय असे चित्र उभे राहते, आणि वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्याही बहुधा याच प्रकारच्या असतात. प्रत्यक्षात अधिक मोठे आणि अधिक काळ टिकणारे नुकसान ज्या प्रकारातून होते, त्यात व्हिसा खरा असतो, विमानप्रवास निर्विघ्न पार पडतो, मुलगा किंवा मुलगी परदेशात पोहोचून शिकू-कमावू लागते, आणि तीन-चार वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर, ज्याला सर्वत्र ‘पीआर’ म्हणतात, मूळ अर्जातच खोटेपणा होता हे उघडकीस येते. तोवर तो अर्ज भरणारा माणूस सरकारी नोंदींत कोठेही सापडत नाही, कारण त्याने स्वतःचे नाव कोठेही लिहिलेले नसते. सापडते ती फक्त अर्जदाराची सही. या लेखाचा विषय हा नाव नसलेला माणूस आहे, आणि त्याला ओळखण्याची खूण त्याच्या कार्यालयाच्या थाटात, त्याच्या फीमध्ये किंवा त्याच्या बोलण्यात न शोधता, तो अर्जावर स्वतःचे नाव घालायला तयार आहे की नाही या एकाच प्रश्नात शोधली पाहिजे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

स्थलांतराचा सल्ला हा कायद्याचा सल्ला आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही. तिकीट काढून देणे, परदेशी चलन मिळवून देणे, फॉर्म भरून देणे आणि व्हिसासाठी कोणत्या प्रवर्गातून अर्ज करावा हे सांगणे, ही सर्व कामे एकाच दुकानात, अनेकदा एकाच टेबलावर होत असल्यामुळे चौथे काम पहिल्या तिन्हींपेक्षा वेगळ्या जातीचे आहे, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही. ज्या देशांकडे हे अर्ज जातात त्यांनी मात्र हा भेद स्पष्टपणे कायद्यात लिहिला आहे. कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार मोबदला घेऊन स्थलांतराच्या अर्जाबाबत सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार केवळ तीन गटांना आहे: प्रांतिक विधिसंस्थांचे सदस्य असलेले वकील आणि त्या संस्थांच्या नियंत्रणाखालील पॅरालीगल, क्यूबेक प्रांतातील नोटरींच्या संस्थेचे सदस्य, आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचे परवानाधारक. नावात ‘कॉलेज’ असले तरी ही शिक्षणसंस्था नव्हे. वैद्यक परिषदेप्रमाणे एखाद्या व्यवसायाची नोंदवही सांभाळणारी, परीक्षा घेणारी आणि तक्रारींवर शिक्षा देणारी ती संस्था आहे. या तिन्ही गटांबाहेरच्या माणसाने पैसे घेऊन असा सल्ला देणे हा कॅनडात गुन्हा आहे, आणि हा निर्बंध अर्ज दाखल होण्याच्या आधीच्या सल्ल्यालाही लागू होतो.

अशा अनधिकृत सल्लागाराला कॅनडातील अधिकारी आणि वकील ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात. त्याची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय त्याच्यापासून बचाव शक्य नाही. कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर अधिकृत प्रतिनिधींसाठी वेगळे प्रवेशद्वार आहे आणि सामान्य अर्जदारांसाठी वेगळे. प्रतिनिधी नेमला असेल तर त्याचे नाव, परवाना क्रमांक आणि पत्ता असलेला स्वतंत्र फॉर्म अर्जदाराच्या सहीने जोडावा लागतो. घोस्ट कन्सल्टंट हा फॉर्म जोडत नाही. तो अर्जदाराच्या नावानेच सामान्य खाते उघडतो, परंतु त्या खात्याला जोडलेला ईमेल स्वतःच्या ताब्यातला देतो आणि पासवर्डही स्वतःजवळ ठेवतो. सरकारच्या दृष्टीने हा अर्ज अर्जदाराने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय भरलेला असतो. त्यानंतर खात्याकडून येणारे प्रत्येक पत्र, म्हणजे कागदपत्रांची मागणी, शंका उपस्थित करणारी नोटीस किंवा नामंजुरीचा आदेश, सल्लागाराच्या ईमेलवर जाते आणि त्यातले किती अर्जदाराला कळवायचे हे तो ठरवतो. आपला अर्ज याआधी एकदा नामंजूर झाला होता, हे अनेकांना पुढच्या अर्जाच्या वेळी प्रथमच कळते. तेव्हा ‘यापूर्वी तुम्हाला कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे काय’ या प्रश्नाचे त्यांनी अज्ञानातून दिलेले ‘नाही’ हे उत्तर असत्य ठरते.

२०२३ मध्ये उघडकीस आलेले विद्यार्थ्यांचे प्रकरण या यंत्रणेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे आणि ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. प्रामुख्याने पंजाबातून कॅनडाला गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या अर्जांना जोडलेली महाविद्यालयीन प्रवेशपत्रे बनावट होती. प्रवेशपत्राच्या आधारे शिक्षणाचा परवाना मिळाला, विद्यार्थी कॅनडात उतरले, आणि उतरल्यावर त्यांना सांगण्यात आले की ठरलेल्या महाविद्यालयातील जागा भरल्या आहेत, तेव्हा दुसरीकडे प्रवेश घ्या. परक्या देशात नुकत्याच पोहोचलेल्या, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेल्या तरुणाला ही सबब अविश्वसनीय वाटण्याचे कारण नव्हते. बहुतेकांनी दुसऱ्या महाविद्यालयात खरोखर प्रवेश घेतला, अभ्यासक्रम पूर्ण केले, नोकऱ्या धरल्या, कर भरले. पुढे कायम वास्तव्याच्या अर्जांची छाननी होताना सीमा सेवा खात्याला मूळ प्रवेशपत्रे खोटी असल्याचे आढळले आणि या तरुणांवर देश सोडण्याच्या कारवाया सुरू झाल्या. मिसिसॉगा येथे विद्यार्थी रस्त्यावर बसले, प्रश्न कॅनडाच्या संसदेत गेला, आणि जून २०२३ मध्ये सरकारने हद्दपारीची कार्यवाही थांबवून प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्यासाठी कार्यगट नेमला. त्या गटाने प्रथम तपासलेल्या १०३ प्रकरणांपैकी ६३ जण प्रामाणिक विद्यार्थी ठरले. या जाळ्यातील एका प्रमुख भारतीय दलालाने २०२४ मध्ये व्हँकूव्हरच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

या निकालाने काही कुटुंबांना न्याय मिळाल्याचे समाधान झाले असेल; परंतु त्यातील खरा धडा शिक्षेत नसून कालक्रमात आहे. प्रवेशपत्र खरे आहे की खोटे हे महाविद्यालयाला एक ईमेल पाठवून काही दिवसांत कळू शकत होते. ते ना विद्यार्थ्याने विचारले, ना त्याच्या पालकांनी, ना व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याने. कॅनडाने १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची संबंधित शिक्षणसंस्थेकडून थेट पडताळणी सक्तीची केली, म्हणजे इतकी साधी तपासणी त्याआधी पद्धतशीरपणे होत नव्हती हे त्या सरकारने कृतीने मान्य केले. तरीही त्या त्रुटीची किंमत मोजण्याची पाळी प्रथम आली ती विद्यार्थ्यांवरच.

असे का होते, याचे उत्तर अर्जाच्या शेवटी असलेल्या घोषणेत आहे. वरील सर्व माहिती सत्य आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे, अशा आशयाच्या त्या घोषणेवर अर्जदार सही करतो, आणि जवळजवळ सर्व देशांचा कायदा त्या सहीला सल्लागाराच्या चुकीपेक्षा वरचढ मानतो. अर्जदाराला खरोखरच माहीत नव्हते आणि माहीत होणे त्याच्या आवाक्यातही नव्हते, असे सिद्ध झाल्यास अपवाद होऊ शकतो. परंतु तो अपवाद अरुंद आहे, आणि न वाचता सही केली हा बचाव त्यात बसत नाही. खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे यासाठी कॅनडात पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे आणि त्या काळात कायम वास्तव्याचा अर्जही करता येत नाही. ऑस्ट्रेलियात बनावट कागदपत्रासाठी सामान्यतः तीन वर्षे आणि ओळखीविषयीच्या लबाडीसाठी दहा वर्षे व्हिसा नाकारला जातो. ब्रिटनमध्ये अर्जातील फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंतची बंदी आहे. आणि अमेरिकेच्या कायद्यात तर अशी अपात्रता आजन्म आहे, तिच्यातून सूट मिळण्याचे मार्ग थोडे आणि कठीण आहेत. शिवाय हे चार देश आणि न्यूझीलंड स्थलांतराविषयीची माहिती एकमेकांना पुरवतात. एका देशाने दिलेला नकार दुसऱ्या देशापासून लपवा, असा सल्ला देणारा माणूस म्हणूनच अर्जदाराला पाच देशांच्या दारांशी एकदम शत्रुत्व पत्करायला लावत असतो.

अनधिकृत सल्लागाराची सर्वांत प्रभावी भाषा हमीची असते, आणि येथे थोडी तांत्रिक माहिती कोणत्याही सावधगिरीच्या सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडते. कॅनडाने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, भाषापरीक्षेतील प्राप्तांक आणि कामाचा अनुभव यांना कमाल १,२०० पैकी गुण मिळतात, उमेदवारांची क्रमवारी संगणक लावतो, आणि ठरावीक गुणांच्या वरील उमेदवारांना अर्जाचे निमंत्रण जाते. हे गुण कोणालाही सरकारी संकेतस्थळावर स्वतः मोजता येतात. पुढची सोडत किती गुणांवर थांबेल हे खुद्द खात्याबाहेर कोणाला आधी माहीत नसते, त्यामुळे निमंत्रणाची हमी देणे कोणालाही शक्य नाही. अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड लॉटरी’चे उदाहरण याहून सरळ आहे. ज्या देशांतून मागील पाच वर्षांत ५०,००० हून अधिक लोक ठरावीक प्रवर्गांतून अमेरिकेत स्थायिक झाले, त्या देशांत जन्मलेल्यांना या सोडतीत भाग घेता येत नाही, आणि भारत अनेक वर्षे या वगळलेल्या देशांत आहे. भारतात जन्मलेल्या माणसाला या सोडतीत भाग घेता येण्याचे मार्ग अपवादात्मक आहेत, उदाहरणार्थ पात्र देशात जन्मलेल्या पती किंवा पत्नीच्या आधारे. सरसकट भारतीयांना पैसे घेऊन तिच्यात नाव घालून देण्याचा प्रस्ताव हा मुळातच असत्य आहे.

व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्रांविषयीही असाच गैरसमज पसरवला जातो. मुंबई-पुण्यातील ही केंद्रे कागदपत्रे आणि बोटांचे ठसे घेतात, पारपत्र परत देतात. निर्णय दूतावासातील किंवा त्या देशातील अधिकारी घेतो. तेव्हा केंद्रात ‘आतला माणूस’ असल्याचा दावा खरा मानला, तरी त्या माणसाच्या हाती व्हिसा देण्याची सत्ताच नसते.

नोकरीच्या कागदांचा व्यापार अधिक गंभीर आहे, कारण तेथे विकली जाणारी वस्तू खरी असू शकते. कॅनडात परदेशी कामगार आणण्यापूर्वी स्थानिक कामगार मिळत नाही हे दाखवणारे एक सरकारी अनुमतिपत्र मालकाला घ्यावे लागते. त्याचे शुल्क एका जागेमागे १,००० डॉलर असून ते मालकानेच भरायचे असते, कामगाराकडून वसूल करणे निषिद्ध आहे. ब्रिटनमध्ये मालकाने द्यायच्या अशाच पुराव्याला ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने वृद्ध आणि आजारी लोकांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी ही वाट खुली केली, आणि थोड्याच काळात भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे अशा देशांतील लोकांना ही प्रमाणपत्रे हजारो पौंडांना विकली जाऊ लागली. अनेकजण पोहोचल्यावर त्यांना सांगितलेले काम तेथे नव्हतेच. मालकाचा परदेशी कामगार आणण्याचा परवाना रद्द झाला तेव्हा नवा मालक शोधण्यासाठी कामगाराच्या हाती सामान्यतः ६० दिवस उरले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनने ही वाट परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जदारांसाठी बंद केली. ज्या कागदासाठी कामगाराकडून काहीही घेण्याची कायद्याने मुभा नाही, तोच कागद कामगार घर गहाण टाकून विकत घेतो, ही या व्यवहाराची वेदनादायक विसंगती आहे, आणि ‘नोकरीसाठी पैसे मालक भरतो, कामगार नव्हे’ एवढे एक वाक्य ज्या कुटुंबाला ठाऊक असते ते या सापळ्यातून बहुधा सुटते.

खोटी कागदपत्रे मुळीच नसतानाही सल्ला घातक ठरू शकतो. शिक्षणासाठी परदेशी पाठवणारे बहुसंख्य एजंट विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत आणि ‘मोफत सेवा’ अशी जाहिरात करतात. त्यांचे उत्पन्न महाविद्यालयाकडून, पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या काही टक्के कमिशनच्या रूपाने येते. ही पद्धत बेकायदा नाही. मात्र त्यामुळे एजंटाचा खरा ग्राहक महाविद्यालय असते, विद्यार्थी नव्हे, आणि विद्यार्थ्याने तसे समजूनच त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. कॅनडातील काही खासगी संस्थांमधून पदवी घेतल्यावर शिक्षणोत्तर कामाचा परवाना मिळत नाही. सार्वजनिक महाविद्यालयाचा अभ्यासक्रम खासगी संस्थेत शिकवण्याच्या भागीदाऱ्यांनाही हा लाभ २०२४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाला. ज्या विद्यार्थ्याचे सगळे गणित शिक्षणानंतरच्या दोन-तीन वर्षांच्या नोकरीवर आणि त्यातून फिटणाऱ्या कर्जावर उभे आहे, त्याला ही एक गोष्ट न सांगणे म्हणजे त्याला बुडवणेच होय, मग त्याच्या फाइलमधील प्रत्येक कागद अस्सल का असेना.

परवाना असला म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. कॅनडाने २००० च्या दशकाच्या आरंभी या व्यवसायाचे नियमन एका संस्थेकडे सोपवले, ती असमाधानकारक वाटल्याने २०११ मध्ये दुसरी आणली, आणि तिच्याविषयीही तक्रारी राहिल्याने स्वतंत्र कायदा करून नोव्हेंबर २०२१ मध्ये आजचे कॉलेज सुरू केले. वीस वर्षांत तीन संस्था बदलाव्या लागणे हे नियमनाच्या कठीणपणाचे लक्षण आहे. परवानाधारकांनी फसवल्याची उदाहरणे आहेत. आपला परवाना क्रमांक इतरांना वापरू देऊन त्यांच्या ग्राहकांच्या अर्जांवर न वाचता सही करणारेही आहेत. आणि दुसऱ्याचाच परवाना क्रमांक आपल्या कार्डावर छापणारे तोतये तर सर्रास आढळतात. म्हणून नोंदवहीत नुसते नाव आहे का हे पाहून थांबू नये. परवाना आज चालू आहे की निलंबित, नोंदवहीतील फोन आणि ईमेल समोरच्या माणसाचेच आहेत की नाहीत, हेही पाहावे, आणि संपर्क कार्डावरच्या क्रमांकावर न करता नोंदवहीतल्या क्रमांकावर करावा. परवान्याचे मोल परवानाधारकाच्या हुशारीत नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार कोठे करायची याचे एक ठाम उत्तर परवान्यामुळे अस्तित्वात येते, आणि चूक झाल्यास त्यालाही काही गमवावे लागते, हे त्याचे मोल आहे.

मात्र हे उत्तर भौगोलिक सीमेपाशी अडते. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्याने पात्रतेविना स्थलांतराचा सल्ला देणे, फी न घेता दिलेला संस्थात्मक सल्लासुद्धा, गुन्हा ठरवले आणि सल्लागारांना कामाच्या आवाक्यानुसार तीन पातळ्यांत बसवले. पण त्याच कायद्यात तो ब्रिटनच्या भूमीवरून दिलेल्या सल्ल्यापुरता आहे, असे लिहिले आहे. पुण्यातील डेक्कनवर किंवा ठाण्यातील स्टेशनजवळ बसलेला माणूस त्याच्या कक्षेत येत नाही. न्यूझीलंडने २००७ च्या कायद्याने वेगळा मार्ग धरला: सल्लागार जगात कोठेही असो, न्यूझीलंडविषयी सल्ला द्यायचा तर परवाना हवा, आणि परवाना किंवा कायदेशीर सूट नसलेल्या माणसाने हाताळलेला अर्ज खाते परत पाठवू शकते. देशाबाहेरील सल्लागारांना हा नियम मे २०१० पासून लागू झाला. परदेशातील गुन्हेगाराला पकडणे शक्य नसले, तरी त्याचा अर्ज न स्वीकारणे शक्य आहे, हा त्यामागचा विचार उत्तम आहे आणि इतर देशांनी तो उचलायला हवा. दुर्दैवाने याच कायद्याने परदेशात राहून केवळ विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना परवान्यातून सूट दिली, म्हणजे जेथे सर्वांत अननुभवी अर्जदार असतात नेमका तोच दरवाजा उघडा ठेवला.

राहता राहिला भारतीय कायदा, आणि येथेच खरी पोकळी आहे. १९२२ चा जुना कायदा बाजूला सारून आलेला १९८३ चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यांपुरता आहे. त्याखाली भरती एजंटाला परराष्ट्र खात्याच्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, कामगाराकडून घेण्याच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी मर्यादा आहे, आणि दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगारांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. मुंबई हे या भरतीचे जुने केंद्र, आणि रत्नागिरी-रायगडमधून आखातात जाणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांना या संरक्षकाचे कार्यालय परिचित आहे. पण शिक्षणासाठी, कायम वास्तव्यासाठी किंवा पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला सल्ला देण्यासाठी केंद्राच्या कोणत्याही कायद्याखाली परवाना लागत नाही. कायद्याचा धाकही जुन्या काळातला आहे: नोंदणीविना भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद १९८३ च्या कायद्यात आहे, तर एका ग्राहकाकडून घेतली जाणारी रक्कम लाखांत असते. २०१९ आणि २०२१ मध्ये नव्या कायद्याचे मसुदे लोकांपुढे ठेवले गेले. पंजाबने मात्र वाट न पाहता २०१२ मध्येच राज्याचा कायदा करून प्रवास आणि सल्लागार व्यवसायांना परवाना सक्तीचा केला. त्या कायद्याने पंजाबातील फसवणूक थांबली नाही, हे वरील विद्यार्थी प्रकरणाने दाखवून दिले. तरीही परवान्याविना दुकान चालवणे हाच गुन्हा असल्याने पोलिसांना तक्रारदाराची वाट पाहावी लागत नाही, हा त्याचा लाभ नाकारता येत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला परत पाठवण्यात आलेल्या १०४ भारतीयांत तीनजण महाराष्ट्राचे होते. आकडा लहान असला, तरी हा प्रश्न पंजाब-हरियाणा-गुजरातचा आहे असे म्हणून महाराष्ट्राला हात झटकता येणार नाहीत, एवढे त्यातून निश्चित होते.

गोव्यातील परिस्थिती याहून वेगळी आणि कायद्याच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करावी लागते, आणि ही नोंद करून देणाऱ्या एजंटांचा एक स्वतंत्र व्यवसायच गोव्यात उभा राहिला. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत या पारपत्रावर हजारो गोमंतकीय स्विंडनसारख्या शहरांत जाऊन स्थिरावले. परंतु भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, आणि परदेशी पारपत्र मिळवणे हा तशा स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे येथे सल्लागाराला दोन देशांचा नागरिकत्व कायदा ठाऊक असणे आवश्यक होते, आणि अनेकांना एकाचाही धड ठाऊक नव्हता. पोर्तुगीज पारपत्र घेतल्यावरही भारतीय पारपत्र वापरत राहिलेल्यांना पुढे ते रद्द होण्याच्या कारवाईला सामोरे जावे लागले, आणि त्यातून परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंद मिळणेच अडले. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याने रद्दीकरणाचे प्रमाणपत्रही या नोंदीसाठी चालेल असे कळवले. कागद मिळवून देणे आणि त्या कागदाचे परिणाम सांगणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, हे गोव्याच्या अनुभवाइतके दुसऱ्या कशानेच स्पष्ट होत नाही.

हे सर्व माहीत असूनही तक्रारी फारशा केल्या जात नाहीत, आणि त्याचे कारण अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. जमीन विकून किंवा सोने मोडून मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबाला चारचौघांत फसलो असे सांगणे जड जाते; त्याहून जड असते ती भीती की तक्रार केली तर खोट्या कागदावरील आपल्याच सहीचा प्रश्न निघेल. बँकेतील शिल्लक तात्पुरती वाढवून दाखवणे, कामाच्या अनुभवाचे दोन महिने ओढूनताणून बसवणे, अशा लहान खोट्यांत सल्लागार अर्जदाराला आरंभीच सामील करून घेतो, आणि पुढे हीच भागीदारी त्याचे संरक्षण करते. म्हणून पहिल्या लहान खोट्याला नकार देणे हे नैतिक कारणासाठी जितके आवश्यक, तितकेच पुढे तक्रार करण्याचे स्वातंत्र्य राखण्यासाठीही आवश्यक आहे. पैशांच्या वसुलीपुरता एक तुलनेने सोपा मार्ग उपलब्ध आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदाराला तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यासाठी पैसे बँकेतून दिलेले असावेत आणि पावतीवर कोणत्या सेवेसाठी दिले हे लिहिलेले असावे. रोख रक्कम मागणारा माणूस हा पुरावाच आधी नष्ट करत असतो.

ज्या घरात सध्या परदेशी अर्जाची तयारी चालू आहे, त्या घराने अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःच्या ताब्यात ठेवावा, दाखल झालेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागून पानापानाने वाचावी, महाविद्यालयाला किंवा मालकाला स्वतः लिहून पत्राची खातरजमा करावी, आणि पैसे देण्यापूर्वी सल्लागाराला प्रतिनिधी म्हणून फॉर्मवर नाव व परवाना क्रमांक लिहायला सांगावे. ‘त्याची गरज नसते’ असे उत्तर आल्यास तेथून उठावे. आणि ज्यांच्या हाती आधीच शंका उपस्थित करणारी नोटीस आली आहे, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. अशा नोटिशीला उत्तर देण्याची मुदत अनेकदा काही आठवड्यांचीच असते, त्यामुळे लाजेपोटी दिवस घालवू नयेत, ज्याने मूळ अर्ज भरला त्याच्याकडून तिचे उत्तर मुळीच लिहून घेऊ नये, आणि मुदत संपण्यापूर्वी त्या देशाच्या नोंदवहीत नाव असलेला वकील गाठावा.